चटणीवरचा दरूद

शिवाजी पेठेत आम्ही खोली घेतली तेव्हा घरमालकांनी पाणी कधी येतं, कपडे कुठं वाळत घालायचे, जिन्यातला दिवा कुणी मालवायचा, हे सगळं नीट समजावून सांगितलं. समोर चटणीचा डंक आहे, हे मात्र सांगितलं नाही. आम्ही दिवाळीनंतर राहायला आलो होतो आणि तेव्हा समोरचं पत्र्याचं दार बहुतेक बंदच असायचं. होळी झाली आणि एका सकाळी मी खिडकी उघडली. तिथून अक्षय्य तृतीयेपर्यंत मी शिंकतच होतो म्हटलं तरी चालेल.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की इथं चटणी म्हणजे पानात डावीकडे वाढायचा पदार्थ नव्हे. चटणी म्हणजे वर्षाची बेगमी. वाळवलेली मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धने, खसखस, गरम मसाला, त्यात तळलेला कांदा आणि लसूण, हे सगळं कांडून बरणीत दाबून भरायचं आणि आमटीपासून मटणापर्यंत सगळ्यात घालायचं. कांडायची लोखंडी मुसळं मोटारीवर वरखाली होत असतात, त्याला डंक म्हणतात. हंगामात बायका डबे घेऊन डंकापुढं रांगेत बसतात, आणि कुणाच्या सुनेनं काय करपवलं ह्याची खात्रीलायक बातमी त्या रांगेत मिळते. मी मूळचा चंदगडकडचा. आमच्याकडे भात आणि काजू. मिरचीसाठी एवढा जीव टाकणारी माणसं मी आधी पाहिली नव्हती.

हा डंक दस्तगीर चाचांचा. नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. चाचा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, अंगानं सडपातळ, पांढरी टोपी आणि पांढरा सदरा. पांढरा म्हणजे सकाळी. दुपारपर्यंत दोन्ही तांबूस व्हायचे, आणि भुवयासुद्धा. ह्या माणसाला मी कधी शिंकताना पाहिलं नाही. बोलणं मोजकं, पण सगळा जन्म मोटारीच्या आवाजात गेल्यामुळे जे बोलत ते ओरडून. नव्या माणसाला वाटायचं, हे आता अंगावर येणार. "पावणं, सरका की जरा तिकडं!" हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य. मी पाव्हणा नाही, समोरचाच भाडेकरू आहे असं सांगितल्यावर ते मला 'सायेब' म्हणायला लागले. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. मला साहेब म्हणणारे जगात ते एकटेच.

डबा आला की चाचा तो लगेच डंकात ओतत नसत. आधी झाकण उघडायचे, भाजलेल्या मसाल्याची चिमूट डाव्या तळव्यावर घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, तळवा नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. मग त्यांचे ओठ हलायचे. आवाज काही नाही. असता तरी मोटारीच्या घरघरीत ऐकू आला नसता. डोळे उघडून डबा डंकात. कधीकधी ओठ हलायचे नाहीत. तेव्हाही ते चांगलं-वाईट काही म्हणत नसत. डबा तसाच डंकात.

"आज आपल्या चटणीला म्हटलं त्यांनी!" माझी बायको सुमन पहिल्याच हंगामात खुशीत घरी येऊन म्हणाली. काय म्हटलं, ते मात्र तिला सांगता येईना. रांगेतल्या बायकांनी तिला एवढंच शिकवलं होतं, की चाचांचे ओठ हलले म्हणजे चटणी जमली.

खरं काय ते मला पेपरमुळे कळलं. सकाळी डंक सुरू व्हायच्या आधी चाचा आमच्या पायरीवर चहाला येत. येता येताच ओरडायचे, "वैनी, आज आलं घातलं न्हाय व्हय?" आणि ते बरोबर असायचं. त्यांना मराठी वाचता यायचं, पण चष्मा सांभाळायचा कंटाळा, म्हणून पेपर मी मोठ्यानं वाचायचो. एकदा ईदेच्या सुमाराला पैगंबरांवर कुणाचा तरी लेख आला होता. मी वाचत होतो आणि दोन-चार ओळी झाल्या की चाचा बशी खाली ठेवून काहीतरी पुटपुटत होते. मी थांबलो की म्हणायचे, "वाचा की." वाचायला लागलो की पुन्हा बशी खाली. अशानं चहा थंड झाला.

"आमच्यात हुजूरांचं नाव कानावर पडलं की दरूद पाठवायचा," ते म्हणाले. "सल्लल्लाहु अलैहि वसल्लम. म्हंजे अल्लानं त्यांच्यावर रहमत धाडावी, सलाम धाडावा. नाव ऐकून जो गप ऱ्हायला, त्यो कंजूस."

"आणि चटणीवर?"

चाचा जरा लाजले. "चांगला वास आला तरी म्हणत्यात आमच्यात. गुलाबाचा, अत्तराचा. माझा बा जुम्म्याला अत्तर लावायचा, तवा म्हणायचा. मला कुठलं अत्तर? मला ह्योच वास. खोबरं बरोबर भाजलं, धनं बरोबर भाजलं, की येतोय."

"काय येतोय?"

"दरूद. मी म्हणत न्हाय, सायेब. त्यो येतोय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढं कितीतरी वेळा ऐकलं. नमाजातला दरूद ते म्हणत, तसबीहच्या मण्यांवरचाही म्हणत. ते त्यांचं काम. चटणीवरचा मात्र आपणहून येणारा, त्यात आपलं काही नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मी देवाधर्माच्या भानगडीत न पडणारा माणूस. आमच्या घरी बुद्धवंदना होते तेव्हाही मी सगळ्यांच्या मागे दाराजवळ बसतो. पण आपल्याकडे एखादी गोष्ट न मागता येते, इतक्या सहज येते, आणि उद्याही येणार आहे, असं धरून चालणाऱ्या माणसाचा मला थोडा हेवा वाटायचा.

पेपरात पैगंबरांच्याच नावाचा एखादा क्रिकेटवाला आला की त्यांची पंचाईत व्हायची. बशी अर्ध्यापर्यंत खाली यायची. मग "ह्यो बॅटिंगवाला व्हय," म्हणत पुन्हा वर जायची. त्या वर्षांत रमजान नेमका चटणीच्या हंगामात येत असे. दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि नाकाशी सतत भाजलेलं खोबरं. मी एकदा विचारलं, त्रास होत नाही का? "रोजा पोटाला हाय, नाकाला कुठं हाय?" चाचा ओरडले. त्या दिवसांत ओठ जास्तच हलत, असं रांगेचं म्हणणं होतं.

दरूद हा शब्द माझ्याकडून सुमनला आणि सुमनकडून रांगेला कळला होता, पण बायकांनी ह्या ओठांवरून काय चालवलंय, ह्याचा चाचांना बरीच वर्षं पत्ता नव्हता. तो लागला एका सासूमुळे. तिनं भर रांगेत सुनेला सुनावलं, "तुझ्या चटणीला चाचानं दरूद म्हटला न्हाय, बघितलंस न्हवं? माझ्या हातच्याला कदी चुकला न्हाय." सून रडायला लागली. चाचांनी मोटार बंद करून विचारलं, काय झालं. रांगेनं त्यांना सगळं मोठ्या आनंदानं समजावून सांगितलं. चाचा ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

संध्याकाळी ते मौलानांकडे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "मौलाना म्हणत्यात, गिऱ्हाइकाम्होरं माल उघडताना मालाची तारीफ म्हणून दरूद म्हणायचा न्हाय. मना केलंय. मी म्हटलो, मौलाना, मी माल इकत न्हाय. माल बायांचा, मी निस्ता कांडतोय. तर म्हणाले, पण डंक तुझाच चालतोय न्हवं?"

"मग म्हणायचं बंद करा," मी म्हणालो.

"मी म्हणत असतो तर बंद केलं असतं की!" चाचा एवढ्यानं ओरडले, की सुमन आतून बाहेर आली. "येतोय त्येला काय करू?"

तोडगा त्यांनी स्वतःच काढला. खांद्यावर टॉवेल ठेवायला लागले. तळवा नाकाशी गेला की तोंड भिंतीकडे करायचं आणि टॉवेल तोंडावर धरायचा. ओठ कुणाला दिसले नाहीत, म्हणजे तारीफ नाही. रांग काही दिवस हवालदिल होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की टॉवेलाचं टोक हलतं. त्या दिवसापासून बायका टॉवेलाकडे बघायला लागल्या. चाचांना हे कुणी सांगितलं नाही. इतर कुठलीही बातमी एक तास न टिकणाऱ्या त्या गल्लीनं ही एवढी एक गोष्ट पोटात ठेवली.

रांगेत एक बाई अशा होत्या, की ज्यांच्यासाठी ना ओठ हलले, ना टॉवेल. गौराक्का. कोपऱ्यावरचं किराणा दुकान त्यांचं. माहेर सीमेपलीकडचं, घरात कानडी, गल्लीत मराठी आणि भांडताना दोन्ही. कपाळावर विभूती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नवरा गेल्यावर एकटीनं दुकान चालवलं, मुलगा वाढवला, सून आणली. त्यांना उलट बोलायची पेठेत कुणाची टाप नव्हती. चटणीचं सामान घरच्याच दुकानातलं, पहिल्या प्रतीचं. फक्त हाताला सबुरी नव्हती. खोबरं कढईत पडायचं, तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक यायचं, गिऱ्हाइकाशी वाद व्हायचा, आणि परत येईतो खोबरं काळं. पुढच्या वर्षी करपायच्या धास्तीनं कच्चंच उतरवायच्या. चाचा चिमूट घ्यायचे, डोळे मिटायचे, उघडायचे, आणि डबा डंकात.

बाईंना हे फार लागायचं, कारण त्यांची सासू. म्हातारीच्या चटणीला चाचांचा दरूद कधी चुकला नव्हता. गौराक्का नव्या नवरी होत्या तेव्हा डबा धरून सासूच्या मागे उभ्या राहायच्या आणि चाचांचे ओठ हलताना त्यांनी स्वतः पाहिले होते. म्हातारीला जाऊन जमाना झाला होता, तरी रांगेतलं बिंग फुटल्यापासून हे भांडण दर हंगामात व्हायचंच, टॉवेलाचं नाव मात्र न काढता.

"म्हातारीला म्हणत हुतासा, मला कदी म्हणणार?"

"आक्का, माझ्या हातात हाय व्हय ते?"

"मग कुणाच्या हातात हाय?"

"तुमच्या. कढईपाशी थांबा की जरा!"

गौराक्का तणतणत जायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा डबा घेऊन यायच्या. पेठेत आणखीही डंक होते, तिकडे त्या कधी गेल्या नाहीत. एकदा सुमन त्यांना म्हणाली, "आक्का, सुनेला भाजू दे की." गौराक्कांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तिच्या हाताला मिळालं तर मला काय त्येचं?" सुमननं पुन्हा तो विषय काढला नाही.

अशी बरीच वर्षं गेली. दोन हजार साल येऊन गेलं, दुकानात तयार चटणीची पाकिटं दिसायला लागली, तरी चाचांच्या दारातली रांग होती. मग एका वर्षी, हंगामाच्या तोंडावर, मोटारीचा पट्टा चढवायला चाचा शिडीवर चढले आणि शिडी सरकली. डोकं मागच्या बाजूनं फरशीवर आपटलं. काही दिवस दवाखान्यात काढून परत आले ते टाके घेऊन, पण चालणं ठीक, बोलणं ठीक, ओरडणंही ठीक. मुलगा रफीक म्हणाला, अब्बा, आता बसा घरी. चाचांनी ऐकलं नाही. होळी झाली आणि डंक सुरू झाला.

त्या हंगामात टॉवेल खांद्यावरून तोंडाशी गेलाच नाही. चाचा तळवा नाकाशी नेत, डोळे मिटत आणि सगळ्यांसमोर, पहिल्या दोघी-तिघींना ऐकू जाईल असा दरूद म्हणत. एकही डबा सुटत नव्हता. सुमन चटणी घेऊन आली ती विचारात पडलेली. "ह्या वर्षी सगळ्यांनाच म्हणतायत. माझ्या पुढच्या बाईचे धने मी बघितले, हिरवेगार होते. तिलाही म्हटलं." मी म्हणालो, मरणाच्या दारातून माणूस परत आलाय, मन मोठं झालं असेल. मला माझं स्पष्टीकरण पटलं होतं. चाचा हल्ली चहात आलं आहे की नाही हे सांगत नाहीत, एकदा तर आत दूध उतू जाऊन जळलं आणि ते पायरीवर शांतपणे बसून होते, ह्या गोष्टी मी पाहिल्या होत्या. त्यांची सांगड घालायचं मला सुचलं नाही.

तो रविवार होता. मी पायरीवर पेपर घेऊन बसलो होतो. गल्ली इतकी अरुंद, की समोरचं बोलणं आपल्या घरातलंच वाटायचं. गौराक्का डबा घेऊन आल्या, रांगेत बसल्या, नंबर आल्यावर उठल्या. नेहमीचं भांडण त्यांनी काढलं नाही. डबा नुसता पुढं केला. चाचांनी झाकण उघडलं, चिमूट घेतली, चोळली, डोळे मिटले आणि म्हणाले, "सल्लल्लाहु अलैहि वसल्लम."

रांगेत एकच गलका उठला. "आक्का, पेढे काढा!" "अवो मिळाला की दरूद!" एका म्हातारीनं टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा पेपर ठेवून उभा राहिलो.

गौराक्का हसल्या नाहीत. त्यांनी चाचांच्या हातातून डबा काढून घेतला, स्वतः वास घेतला आणि चाचांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"चाचा, मोटार बंद करा."

"का वो, आक्का?"

"बंद करा म्हणतो न्हवं मी!" कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'म्हणतो', 'जातो' असंच बोलतात.

मोटार थांबली. मुसळं एकेक करून खाली बसली.

"खोबरं करपलंय," गौराक्का म्हणाल्या. "मीच भाजत हुतो, मला ठावं हाय. मिरच्यावाला आलता, त्येच्याशी भांडत बसलो आन् कढई तशीच ऱ्हायली. शेंबड्या पोराला बी कळंल वास घेतल्यावर. तुमास्नी कळंना?"

चाचांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"वास येत न्हाय तुमाला," गौराक्का म्हणाल्या. हे त्या हळू म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"न्हाय, आक्का. पडल्यापासनं. डाक्टर म्हणाला, डोक्याला मार लागला की जातोय कवा कवा. परत येईल, न येईल."

"मग म्हटलासा कशाला?"

"न्हाय म्हटलो तर तुमी बाया म्हणणार, चटणी वाईट हाय. चांगली कुठली, वाईट कुठली, मला आता कळतंय व्हय? एखादीची चांगली चटणी माझ्यापायी वाईट ठरंल. म्हणून सगळ्यास्नी म्हणायला लागलो." चाचा डंकाच्या कट्ट्यावर बसले. "पण त्यो येत न्हाय, आक्का. मी म्हणतोय. नमाजात म्हणतोय, हितं म्हणतोय, तोंडानं म्हणतोय. पर येत न्हाय. माझ्याकडचा काढून घेतला असं वाटतंय."

मला फार वाईट वाटलं. नाक गेलं, धंद्याचं कसं होणार, ह्याची फिकीर त्या माणसाच्या बोलण्यात कुठंच नव्हती. आपणहून येणारी एक गोष्ट होती, ती यायची थांबली, एवढंच त्यांचं दुःख होतं. आणि ते दुःख त्यांनी होळीपासून एकट्यानं, प्रत्येक डब्यावर खोटं खोटं डोळे मिटून काढलं होतं.

गौराक्कांनी आपला डबा खाली ठेवला. मागच्या पोरीचा डबा ओढून घेतला, झाकण काढलं, नाक खाली नेलं आणि चांगला वेळ लावला.

"ह्येचा आलाय," त्या म्हणाल्या. "म्हणा."

चाचा नुसते बघत राहिले.

"बघता काय? सायेब पेपर वाचत्यात तवा नाव ऐकून म्हणता न्हवं तुमी? त्यास्नी काय डोळ्यांनी बघितलंय? कानानं ऐकता आन् म्हणता. मग वास बी ऐकून म्हणा. मी सांगतोय की."

"तुमच्या नाकावर, आक्का?"

"का? इभूत लावणारीचं नाक चालत न्हाय व्हय?"

चाचा उठले. खांद्यावरचा टॉवेल घेतला, तोंडावर धरला आणि भिंतीकडे वळले. बराच वेळ तसे उभे होते. मग मोटार सुरू झाली. टॉवेलाचं टोक हललं की नाही, हे मला पायरीवरून दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी विचारू की नको करत होतो. चाचांनीच बशीत चहा ओतता ओतता सांगितलं, "आला काल." मग पेपर वाचायची खूण केली.

तेव्हापासून प्रत्येक हंगामात गौराक्का डंकाशेजारी पालथ्या डब्यावर बसायला लागल्या. दुकान तेवढ्या दिवसांपुरतं सुनेवर सोपवलं. बाई न्यायाधीश म्हणून चाचांपेक्षा कडक. "कच्चं हाय," "तीळ जळलं," "ह्येचा आलाय, म्हणा चाचा," असा निकाल खड्या आवाजात व्हायचा आणि रांगेत कुणी चूं करत नसे. मौलानांच्या कानावर हे गेलंच. ते एकदा येऊन थोडा वेळ उभे राहिले आणि जाताना आपल्या घरचा डबा ठेवून गेले.

सगळ्यांची खरी नजर असायची गौराक्कांच्या स्वतःच्या डब्यावर. तो त्या सगळ्यांत शेवटी काढत. झाकण उघडून वास घेत आणि "कच्चं," म्हणून डबा डंकाकडे सरकवत. पुढच्या वर्षी, "धनं करपल्यात." त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा कच्चं. चाचांना वास येत नव्हता, निकाल देणाऱ्या त्या एकट्या. एकदा 'आलाय' म्हटलं असतं तर काम झालं असतं. चाचा मान हलवत आणि डबा डंकात ओतत.

पुढं माझी बदली झाली आणि आम्ही पेठ सोडली. पण चटणी तिथलीच हवी हा सुमनचा हट्ट होता, म्हणून एका चैत्रात आम्ही पुन्हा त्या गल्लीत गेलो. डंक रफीक चालवत होता. रांग आखूड झाली होती. आत दाराशी खाटेवर चाचा पडून होते. अंगात काही उरलं नव्हतं. दुपार असूनही टोपी पांढरीशुभ्र होती, ते बघून मला कसंतरी झालं. मला त्यांनी ओळखलं. "सायेब, पेपर आणलासा?" ओरडायला गेले, पण आवाज साध्या बोलण्याएवढाच निघाला.

तेवढ्यात गौराक्का आल्या. केस पिकलेले, कमरेला किल्ल्या नव्हत्या. दुकान आता पुरतं सुनेकडे होतं. "आता काय, कढईपाशीच बसून ऱ्हातो," सुमनला म्हणाल्या. पालथा डबा खाटेजवळ ओढून त्या बसल्या आणि मांडीवरच्या डब्याचं झाकण काढलं. मला त्या घमघमाटातलं एरवी काही कळत नाही, मला फक्त शिंका येतात. पण त्या दिवशी वास आला तो मलाही कळला. सुमननं माझा दंड धरला.

गौराक्कांनी नाक खाली नेलं, वर केलं, पुन्हा खाली नेलं.

"आलाय, चाचा."

"कुणाचा हाय?"

"माझा."

चाचा कोपरावर उठून बसायला लागले. रफीकनं मोटार बंद केली आणि त्यांना मागून आधार दिला. ते गौराक्कांकडे बघत राहिले.

"खरं, आक्का?"

"खोटं बोलायचं असतं तर मागंच बोललो असतो की."

मला चाचांचं वाईट वाटलं, पण गौराक्कांचं जास्त वाटलं. एवढ्या वर्षांनी बाईंना जमलं, आणि ज्या नाकासाठी सगळा जन्म धडपडल्या ते नाकच राहिलं नव्हतं. चाचांनी हात पुढं केला. गौराक्कांनी त्यांच्या तळव्यावर चिमूट ठेवली. त्यांनी ती अंगठ्यानं चोळली, तळवा सवयीनं नाकाशी नेला आणि डोळे मिटले. टॉवेल कुठं जवळपास नव्हता.

त्यांचे ओठ हलले. गौराक्का बघत होत्या.

मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा रफीकच्या हातात दिला. "घे, टाक," त्या म्हणाल्या. "सावकाश टाक, बाबा. सांडू नको."